सिरिंजमधली गुठळी

बसा रे बाळांनो. परवा गुडघा फुटला तेव्हा खपली कशी धरली, ठाऊक आहे? रक्ताच्या एका घन मिलिमीटरात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. डॉक्टर त्यांना प्लेटलेट म्हणतात. आयुष्य जेमतेम 7 ते 10 दिवसांचं! 1882 साली इटलीतल्या तुरीनच्या संशोधक बित्सोझेरोंनी जिवंत रक्तवाहिनीत पाहिलं, की जखमेवर सगळ्यांत आधी हेच चिकटतात. मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे विणले जातात आणि रक्त थांबतं. एवढ्याशा जिवांचं हे काम मला आजही थक्क करतं.

पण रक्ताला काच काय, प्लास्टिक काय, परकंच. तिथंही ते गोठू पाहतं.

आता आजीच्या अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीत, सिरिंज आणि नळीतून ‘डाय’ सोडला ना, तो रंग नव्हे. ते पाण्यासारखं स्वच्छ, आयोडीनयुक्त द्रव्य. आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून हृदयाच्या धमन्या पडद्यावर उमटतात. जुनी द्रव्यं आयॉनिक होती. द्रावणात त्यांचे विद्युतभारित कण सुटे होत, द्रावण रक्ताच्या पाचपट किंवा त्याहून तीव्र होई आणि रुग्णाच्या अंगाची आग होई. स्वीडनच्या क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन आल्मेनना पोहताना जाणवलं होतं, की बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात डोळे झोंबत नाहीत, पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात झोंबतात. मग कमी कणांचं, सुटं न होणारं द्रव्य का करू नये? त्यातून नॉन-आयॉनिक द्रव्यं आली. केवढं मोठं काम!

गंमत पुढेच आहे. आग करणारं जुनं द्रव्य फायब्रिनचं जाळं विणू देत नसे, बिंबाणूंनाही आवरून धरी. नवं द्रव्यही गोठणं थोडं रोखतं, पण कमी. प्रयोगशाळेत तर काही नव्या द्रव्यांनी बिंबाणूंना चेतवलेलंही दिसलं. 1987 साली डॉक्टरांनी लिहिलं, की नव्या द्रव्यात रक्त मिसळलेल्या सिरिंजमध्येच गुठळ्या झाल्या. अशी गुठळी धमनीत गेली तर घात. म्हणून डॉक्टर सिरिंजमध्ये रक्त रेंगाळू देत नाहीत आणि नळ्या हेपारिन हे गोठणं रोखणारं औषध घातलेल्या सलाईनने धुतात. शरीराला सुसह्य झालेलं द्रव्य वापरायचं तर हातांनी जास्त जागरूक राहावं लागतं, असं मला वाटतं.

घरात कुणाची अँजिओग्राफी ठरली, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.