ऑनलाइन अर्जातील रकाना दिसत नसेल तर काय करावे?

ऑनलाइन अर्जातील काही रकाने सुरुवातीला दिसत नाहीत. आपण दिलेल्या उत्तरानुसार ते उघडतात. उदाहरणार्थ, ‘अर्जदार दिव्यांग आहे का?’ या प्रश्नाला ‘होय’ निवडल्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि प्रमाणपत्राचे रकाने दिसू लागतात.

हे रकाने महत्त्वाचे का आहेत?
इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेसाठी दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असावे लागते. टक्केवारी भरलीच गेली नाही, तर आपण पात्र असूनही ते अर्जावरून सिद्ध होत नाही.

रकाना का उघडत नाही?
रकाने दाखवण्याचे व लपवण्याचे काम ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट करते. नेटवर्क कमजोर असल्यास ती अर्धवट उतरते. पान पुन्हा उघडल्यावर कधी कधी ‘होय’ हे उत्तर तसेच दिसते. पण त्याखालचा रकाना बंदच राहतो.

काय करावे?
१. अर्जाची भाषा सुरुवातीलाच निवडा. मध्येच भाषा बदलल्यास पान नव्याने उघडून भरलेली माहिती जाऊ शकते.
२. पान पूर्ण उघडेपर्यंत थांबा, मगच उत्तरे निवडा.
३. रकाना दिसत नसल्यास आधी ‘नाही’ आणि मग पुन्हा ‘होय’ निवडा.
४. तरीही दिसत नसल्यास ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट चालू आहे का ते पाहा, किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये अर्ज उघडा.
५. ‘सबमिट’ दाबूनही काहीच होत नसेल, तर एखादा अनिवार्य रकाना लपलेला असू शकतो. ‘होय-नाही’ची सर्व उत्तरे वरपासून पुन्हा तपासा.
६. स्क्रीन रीडर वापरत असल्यास उत्तर निवडल्यानंतर पुढचा भाग पुन्हा वाचून घ्या. नवीन रकाना उघडल्याची सूचना प्रत्येक वेळी ऐकू येतेच असे नाही.

उत्तर बदलल्यास काय होते?
‘होय’चे ‘नाही’ केल्यावर रकाना लपतो. पण त्यात भरलेली माहिती प्रत्येक अर्जात पुसली जातेच असे नाही. म्हणून आधी रकाना रिकामा करा आणि मग उत्तर बदला.

लक्षात ठेवा: रकाना उघडावा म्हणून चुकीचे उत्तर निवडून अर्ज पाठवू नका. सबमिट करण्यापूर्वी अर्जाचे पूर्वावलोकन पाहा. टक्केवारी आणि प्रमाणपत्र तेथे दिसत असेल, तरच पुढे जा. अडचण कायम राहिल्यास पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा. अर्ज पाठवल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक जपून ठेवा.