थंडीतील सराव

जानेवारी महिन्यातील पहाट. साडेपाच वाजलेले असतात. पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने अजून उघडलेली नसतात. दिवसा जेथे पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही, तेथून दूधवाल्याची सायकल या वेळी अगदी सरळ निघून जाते. तांबड्या जोगेश्वरीच्या देवळाकडून एखादा घंटानाद ऐकू येतो. बाकी सर्व पेठ पांघरूण गुरफटून झोपलेली असते. अशा वेळी एखाद्या जुन्या वाड्याचे दार करकरते आणि कानांना मफलर गुंडाळलेली व्यक्ती सायकल हळूच उचलून उंबऱ्याबाहेर काढते. तिला दूध घालावयाचे नसते, की वर्तमानपत्रे टाकावयाची नसतात. ती निघालेली असते सरावाला.

हा सराव ‘ट्रायथलॉन’ नावाच्या शर्यतीसाठी असतो. या शर्यतीत एकाच माणसाने एकापाठोपाठ एक अशी तीन कामे करावयाची असतात: प्रथम पोहणे, मग सायकल चालविणे आणि शेवटी धावणे. मध्ये विश्रांती नाही. पाण्यातून बाहेर येऊन सायकलीवर बसण्यास जो वेळ लागतो, तोही शर्यतीच्या वेळातच मोजला जातो. ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीचा समावेश २००० साली सिडनी येथे झाला. तेथे १.५ किलोमीटर पोहावे लागते, ४० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि १० किलोमीटर धावावे लागते.

याहूनही कठीण असा एक प्रकार आहे. त्याचा जन्म एका वादातून झाला. अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९७७ साली काही खेळाडूंमध्ये चर्चा चालली होती: पोहणारा, सायकल चालविणारा आणि धावणारा यांच्यांत अधिक सुदृढ कोण? तेथील नौदलातील एक अधिकारी जॉन कॉलिन्स याने तोडगा सुचविला, की या तिन्ही शर्यती एकाच दिवशी जोडून घ्याव्या, म्हणजे वाद आपोआप मिटेल. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण त्या शर्यतीत उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्यात सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटरांहून अधिक धावणे होते! पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. वाद मिटला की नाही, कोण जाणे. पण खेळ मात्र जगभर पसरला. आपल्याकडे गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली याच्या निम्म्या पल्ल्याची शर्यत प्रथम झाली.

पोहणे आधी का, असा प्रश्न कोणालाही पडेल. धावून थकलेला माणस रस्त्यावर बसू शकतो. सायकलीवरचा माणूस उतरू शकतो. परंतु खोल पाण्यात दमलेल्या माणसाला बसावयास जागा नसते. म्हणून अंगात पूर्ण त्राण असतानाच पाण्याचा टप्पा उरकून घेतात.

अशा शर्यतींत उतरणारे कित्येक लोक आणखी एक गोष्ट करतात. ते एखादी संस्था निवडतात. रुग्णालय, अंधशाळा, अनाथ मुलांचे वसतिगृह, असे काहीही. मग ओळखीच्या माणसांना सांगतात, “ही शर्यत मी पुरी करणार आहे. माझ्या श्रमाचे मोल म्हणून आपण या संस्थेला काही द्या.” मुंबईची मॅरेथॉन २००४ सालापासून होऊ लागली. तीत हजारो लोक धावतात आणि पुष्कळ जण अशाच रीतीने धर्मादाय संस्थांसाठी देणग्या गोळा करतात. नाशिकचे डॉ. महेंद्र महाजन व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल-शर्यत आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. ती करताना आदिवासी भागातील लोकांच्या नेत्रोपचारांचे कार्य त्यांनी आपल्यासमोर ठेवले होते.

देणगीचे वचन घेतले, की माणूस एका अर्थी बांधला जातो. शेजारच्या आजींनी पेन्शनीतून काही रुपये दिलेले असतात. शाळेतील मुलांनी खाऊचे पैसे जमवून दिलेले असतात. शर्यतीला अजून तीन महिने असतात. आणि बाहेर थंडी पडलेली असते.

पुण्याची थंडी तशी काही हिमालयातील नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास असते. काही दिवस त्याहून खाली जाते. १७ जानेवारी १९३५ रोजी मात्र येथे अवघ्या १.७ अंशांची नोंद झाली होती. तरीही दहा अंशांतही अंथरूण सोडणे जड जाते, आणि याला केवळ आळस म्हणून भागत नाही. आपल्या शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास दिवसातील सर्वांत खालच्या पातळीवर असते. थंड हवा लागताच कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उष्णता जपण्यासाठी रक्त आतील भागाकडे वळते. त्यामुळे हातापायांची बोटे बधिर होतात. स्नायू ताठर राहतात. ताठर स्नायूंना एकदम जोराने पळविले, तर ते दुखावतात. म्हणून जाणते खेळाडू पहिली दहा-पंधरा मिनिटे नुसते चालतात, सांधे फिरवितात, संथ धावतात आणि अंगाला ऊब आल्यावरच वेग वाढवितात.

सूर्यही या दिवसांत मदत करीत नाही. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास येतो, हे भूगोलात शिकविलेले असते. तेव्हा त्यानंतर सूर्य लवकर उगवू लागत असेल, असे वाटते. पण पुण्यात तसे होत नाही. सूर्योदय पुढेही काही आठवडे उशिरा-उशिरानेच होत जातो आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तो सुमारे सात वाजून दहा मिनिटांपर्यंत पोहोचतो. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. त्यामुळे नोव्हेंबरात मोठ्या उत्साहाने सराव सुरू करणाऱ्याला, उत्साह ओसरण्याच्या वेळी, काळोखही अधिक भेटतो.

पाण्याची गोष्ट तर विचारूच नये. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. म्हणूनच वीस अंशांची हवा सुखद वाटते आणि वीस अंशांचे पाणी अंगावर काटा आणते. बुधवार पेठेतून लकडी पुलावरून मुठा ओलांडली, की डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव लागतो. पुण्यातील कित्येक पिढ्या तेथे पोहावयास शिकल्या. या जिमखान्याच्या शर्यतींचे नाव जुने आहे. तेथील शर्यतींतून पुढे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या काळी या देशातील खेळाडूंना परदेशात कोणी फारसे ओळखतही नव्हते.

सायकलीच्या सरावासाठी खडकवासल्याचा रस्ता सोयीचा. पेठेतून धरणापर्यंत जाऊन परत यावे, तर सुमारे ३५ ते ४० किलोमीटर होतात. म्हणजे ऑलिंपिक शर्यतीतील सायकलीचा टप्पा जवळजवळ पुरा होतो. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता त्या रस्त्यावर मोटारींची गर्दी फार आहे. म्हणून मागेपुढे दिवा आणि डोक्यावर शिरस्त्राण यांवाचून काळोखात सायकल काढणे हा शहाणपणा नव्हे. धरणाच्या पाण्यात मात्र उतरू नये. ते शहराच्या पिण्याचे पाणी आहे आणि अनोळखी खोल पाणी जिवाशी गाठ घालते. धावण्याला पर्वतीचा पायथा जवळ आहे. टेकडीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढून उतरल्या, की मांड्यांची परीक्षा होते. सायकलीवरून उतरल्यावर लगेच धावू लागले, तर पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. सायकल चालविताना स्नायूंना एका प्रकारच्या हालचालीची सवय लागलेली असते. धावण्याची हालचाल निराळी. हा बदल पायांना शिकवावा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी हे दोन्ही सराव जोडून करतात.

इतके सारे रोज कोण करील? येथे पेठेतील जुन्या तालमींकडे पाहण्यासारखे आहे. बुधवार पेठेत जगोबादादा वस्तादांच्या नावाची तालीम प्रसिद्ध आहे. आसपासच्या पेठांतही अशा अनेक तालमी होत्या आणि काही अजून आहेत. तालमीत मुलगा एकटा जात नसे. आज आला नाही तर वस्ताद विचारीत. वस्तादांच्या आधी जोडीदार विचारी. कारण जोडीदाराशिवाय कुस्ती खेळणार कोणाशी? पहाटे उठण्याचा निर्णय त्या मुलाला रोज नव्याने करावाच लागत नसे. तो एकदाच झालेला असे. ट्रायथलॉनचा सराव करणारे लोक आज हेच निराळ्या रीतीने साधतात. चौघे-पाच जण चौकात भेटण्याची वेळ ठरवितात. कपडे, बूट, पाण्याची बाटली रात्रीच उशाशी काढून ठेवतात. सायकलीच्या चाकांत हवा आदल्या संध्याकाळीच भरतात. पहाटेचा झोपाळू माणूस फार चतुर सबबी शोधतो, त्याला शोधावयास काही शिल्लक ठेवावयाचे नाही, एवढाच यातील हेतू.

थंडी आणि व्यायाम यांचे वैरच आहे, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. आपल्या आयुर्वेदात वाग्भटाने हिवाळा व वसंत हे व्यायामाला योग्य ऋतू मानले आहेत. थंडीत भूक चांगली लागते, घाम कमी येतो, दम लवकर लागत नाही. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू हे पदार्थ आपल्याकडे याच दिवसांत होतात. त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती उत्साही मंडळी हटकून विसरतात. व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीनेच करावा, असे वाग्भट म्हणतो. आजचे शिक्षकही निराळ्या शब्दांत तेच सांगतात: बहुतेक सराव बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने करावा आणि अंतर थोडे थोडे वाढवावे. हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. पण या गोष्टी आठवड्यांच्या हिशेबाने घडतात. उलट दोन-तीन आठवडे सराव अगदी थांबला, की कमावलेला दमसास ओसरू लागतो. एखादा दिवस चुकला तर मात्र काहीच बिघडत नाही. तो भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट धावणारा मनुष्य पाय दुखावून घेतो आणि मग दहा दिवस घरी बसतो. अंगात ताप असताना तर सराव करूच नये. दिलेल्या वचनात ताप अंगावर काढण्याचा समावेश नसतो.

टेरी फॉक्स नावाच्या कॅनडातील तरुणाची हकीकत या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या उजव्या पायाच्या हाडाला कर्करोग झाला आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने लहान मुलांच्या यातना पाहिल्या. या रोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करावयाचा, आणि त्यासाठी कॅनडा देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत ओलांडावयाचा, असे त्याने ठरविले. कृत्रिम पायाने धावणे म्हणजे चांगल्या पायावर एक जादा उडी घेत पुढे सरकणे होते. कातडी सोलवटे, रक्त येई. १९७९ साली प्रिन्स जॉर्ज गावच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो अगदी शेवटचा आला. तरी पुढे तो सलग १०१ दिवस सरावाला गेला. नाताळच्या दिवशी आईने घरी थांबण्याची विनंती केली, तेव्हा त्याने खाडा केला. सव्वा वर्षात त्याचा सराव ५,००० किलोमीटरांहून अधिक झाला. ज्या देशासाठी तो तयारी करीत होता, त्या देशाला अजून त्याचे नावही ठाऊक नव्हते!

१२ एप्रिल १९८० रोजी त्याने अटलांटिक किनाऱ्यावरील सेंट जॉन्स येथून धावण्यास आरंभ केला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर. पहिल्या काही आठवड्यांत रस्त्यावर फारसे कोणी नसे; पुढे लोक दुतर्फा उभे राहू लागले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी, थंडर बे शहराजवळ छातीतील वेदनांमुळे त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. पॅसिफिक किनारा अजून दूर होता. तो थांबला, पण देणग्या थांबल्या नाहीत. फेब्रुवारी १९८१ पर्यंत त्या २ कोटी ४० लाख डॉलरांवर गेल्या, म्हणजे कॅनडातील माणशी एक डॉलर. त्याने मागितले होते ते एवढेच. २८ जून १९८१ रोजी, तेविसावे वर्ष पुरे होण्याच्या एक महिना आधी, तो वारला.

त्याच्या नावाने पुढे अनेक देशांत दौडी होऊ लागल्या. मुंबईतही अशी दौड झाली आहे. या दौडींत कोणाचा क्रमांक लावीत नाहीत. ज्याला धावता येईल त्याने धावावे, नाही त्याने चालावे, आणि ज्याला तेही जमत नसेल त्याने चाकांच्या खुर्चीतून यावे.