कुर्बानीनंतरचा खड्डा

काही वर्षांपूर्वी राजुरा तालुक्यातील एक शेतकरी माझ्याकडे आला. उजव्या बरगडीखाली जडपणा होता. तो गॅसची गोळी मागत होता. पोट तपासताना हाताला गाठ लागली, म्हणून चंद्रपूरला सोनोग्राफी करायला पाठवले. यकृतात नारळाएवढी, पाण्याने भरलेली गाठ निघाली. तिला हायडेटिड सिस्ट म्हणतात.

वाचकहो, हा रोग कुत्र्याकडून येतो; पण कुत्र्याला तो आपणच देतो. शेळ्या-मेंढ्यांच्या व म्हशींच्या काळजात, फुप्फुसात कधी कधी अशा पाण्याच्या पिशव्या असतात. त्या उघड्यावर फेकल्या की कुत्री खातात. कुत्र्याच्या आतड्यात जंत होतात. जंतांची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर, पाण्यात जातात आणि तेथून आपल्या पोटात. गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. फुटली तर जिवावर बेतते. नीट शिजवलेल्या मटणाने मात्र हा रोग होत नाही.

त्या गावात मुसलमानांची थोडी घरे आहेत. बकरी ईदला कोथळा, आतडी नाल्याकाठी टाकण्याची रीत होती. ईदेपूर्वी मी मशिदीत जाऊन भीतभीतच विषय काढला. इमामसाहेब म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तर आम्हीच सांगायला हवे होते."

शरीयतीतील गोष्टी त्यांनीच मला समजावल्या. वाटेवरची त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानाचा भाग आहे. पाणवठ्यावर, रस्त्यात आणि लोकांच्या सावलीच्या जागी घाण करण्याचा प्रेषितांनी कडक निषेध केला आहे. विहिरीभोवतीची राखीव जागा 'हरीम' म्हणून जपायची असते. जुम्म्याच्या बयानात त्यांनी हेच सांगितले. त्या ईदेला पोरांनी आधीच खड्डा खणून ठेवला होता.

रुग्णाचे ऑपरेशन नागपूरला झाले. तो बरा आहे. त्याची गाठ कोणी टाकलेल्या घाणीतून आली, हे कोणीच सांगू शकत नाही. देवीला बोकड कापणारे आणि बाजारातले खाटीकही घाण उघड्यावरच टाकतात. शिवाय आपल्या जंगलपट्ट्यात कुत्री जमली की त्यांच्यामागे बिबट्याही येतो.

म्हणून सर्वांनीच एवढे करावे. विहीर व नाल्यापासून दूर तीन-चार हात खोल खड्डा खणावा. घाण टाकून चुना पसरावा, वर दोन हात माती दाबावी व दगड ठेवावेत. कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नये. पाळीव कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. कुत्र्याला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

खड्ड्याला कुदळ आणि तासभराची मेहनत लागते. ऑपरेशनला त्या शेतकऱ्याचा एक बैल विकावा लागला.