हर्णैचा लिलाव

दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटर खाली उतरलं की हर्णै लागतं. सहलीची मंडळी बहुधा शेजारच्या मुरूड-कर्द्याला मुक्काम करतात, हर्णैला नाकाला रुमाल लावून येतात आणि तासाभरात परततात. समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५५ साली कमोडोर जेम्सने पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. कनकदुर्गाच्या टेकाडावर दीपगृह आहे. हे सारे पाहावेच. पण खरे हर्णै खाली वाळूत आहे, आणि तेही लिलावाच्या वेळी.

लिलाव सकाळी भरतो, पुन्हा दुपार कलल्यावर भरतो. किनारा उथळ, म्हणून मोठ्या नौका लांब खोल पाण्यात नांगर टाकून राहतात. तिथून मासळी लहान होड्यांत उतरते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा होडीपासून वाळूपर्यंत ती बैलगाडीतून येत होती. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे! परतताना त्याच गाडीत बर्फ आणि डिझेलची पिंपं. ओहोटी असली की गाडीची खेप लांबते. भरती केव्हा, हे सांगायला तिथल्या माणसाला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मी ताडून पाहिलं. थोडा फरक पडला, तो मी माझ्या घड्याळाच्या माथी मारला.

वाळूवर मासळीचे ढीग पडतात: बांगडा, सुरमई, कोळंबी, माकूल. पुकारणारा ढिगाशी उभा राहतो, भोवती व्यापारी आणि पाट्या घेतलेल्या बायका. बोली इतक्या झपाट्याने चढते, की आपल्याला आकडा कळेतो ढीग दुसऱ्याचा झालेला असतो.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. भाव परवडला नाही तर विकणारा थांबतो, असं फळ्यावर रेघा काढून सांगतो. इथे तो थांबणार कसा? ऊन चढतं तशी मासळी उतरते. थांबण्याची ताकद ज्याच्याकडे बर्फ आहे त्याची. त्यातून तांडेलाने हंगामाच्या आधी उचल घेतलेली असली, तर माल कुणाला द्यायचा हेही पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. डिझेलचा खर्च मात्र मासे मिळोत न मिळोत, होतोच.

आणि मासे पूर्वीसारखे मिळत नाहीत, ही तक्रार तर प्रत्येक होडीवर ऐकू येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. ही जाळी थव्याला चहूबाजूंनी वेढून खालून आवळतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून धरण्यास बंदी केली. कायदा झाला, पण रात्री समुद्रावर पहारा ठेवणं निराळं. लहान होडीवाल्याला दूर उजेड दिसला, तर त्याने काय करावं?

जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा गेलात तर वाळू मोकळी. नारळीपौर्णिमेनंतर जावं. पाण्याच्या आणि ढिगाच्या मध्ये उभं राहू नये, आणि कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी विचारावं.

माझंच सांगतो. एका ढिगातली दोन पापलेटं मी मागितली. पाटीवाल्या बाई म्हणाल्या, “मास्तर, ढीग मोडत नाय. मी घेतला की माझ्याकडनं घ्या.” त्यांनी ढीग घेतला. मग मी, सवयीने, घासाघीस सुरू केली. त्या हसल्या. “पुकारताना तुम्ही इथंच होतात ना? ऐकलंत की मी किती दिले.” ऐकलं होतं. त्यावर हमाली, त्यावर बर्फ, आणि दापोलीपर्यंतचं भाडं. मी मुकाट्याने पैसे काढले. ते मोजण्याआधीच त्या पुढच्या ढिगाकडे वळल्या होत्या. पुकारा सुरू झाला होता.