आधी स्वतःची नाडी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा, असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा आपणही एखादी कविता द्यावी असे प्रथम वाटले. पण कविता देणारे आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. मला जे थोडेफार ठाऊक आहे ते दोनच गोष्टींविषयी : एक प्रथमोपचार आणि दुसरे माझे स्वतःचे हृदय. या दोहोंचा एकमेकांशी संबंध कसा आला, हे विद्यार्थिमित्रांना समजावून सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपल्या महाविद्यालयात प्रथमोपचाराचा वर्ग भरला. पुढे आषाढीच्या पालखीत मदत केंद्र चालवायचे, तर त्याआधी मुलामुलींना शिकवून तयार करावे, असा हेतू होता. मी नाव दिले. अर्जात एक रकाना होता : 'काही आजार आहे काय?' त्यापुढे मी 'नाही' असे लिहिले. ते खोटे होते.

मी नऊ वर्षांची असताना घसा दुखून ताप आला. घसा बरा झाला. पण दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले. गुडघ्याचे दुखणे घोट्यात, घोट्याचे मनगटात असे फिरू लागले. आईवडील दोघेही रोजाने जाणारे. वाढते अंग आहे, दुखायचेच, असे म्हणून आजीने तेल चोळले. काही दिवसांनी दुखणे आपोआप थांबले आणि सगळे विसरले.

या दुखण्याला डॉक्टर 'ऱ्हुमॅटिक ताप' म्हणतात. स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू घशात शिरतात. त्यांच्याशी लढणारी आपल्या शरीरातील शक्ती काही मुलांमध्ये चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे पुढे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. पाच ते पंधरा या वयात हा ताप विशेष आढळतो, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब वस्त्यांत अधिक.

माझी डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड होऊन आकसली. निरोगी माणसात ही झडप उघडली म्हणजे चार ते सहा चौरस सेंटिमीटर वाट मिळते. माझी वाट एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास उरली होती. एस.टी.चे दार अरुंद असले तरी माणसे सावकाश चढली तर सगळी आत जातात. गर्दीने एकदम रेटा दिला की दारातच कोंडी होते. हृदयाचेही तसेच आहे. नाडी जलद झाली की दोन ठोक्यांमधला विसावा कमी होतो, तेवढ्या वेळात रक्त पुढे सरकत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते. पंधराव्या वर्षी पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना मला मध्येच बसावे लागे. रात्री आडवे झाले की गुदमरे.

सोळाव्या वर्षी मोठ्या रुग्णालयात माझी झडप फुग्याने उघडली. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि झडपेत फुगा फुगवून तिची चिकटलेली पाती मोकळी करतात. जपानमधील कांजी इनोऊए या शल्यविशारदाने १९८२ मध्ये ही पद्धत प्रथम वापरली. त्यामुळे छाती उघडावी लागली नाही. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागला. पुन्हा तो ताप येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते फार दुखते आणि पुष्कळ वर्षे चालायचे आहे.

घरी आल्यावर आईने बजावले, "हे चार माणसांत बोलायचं नाही. उद्या तुझं लगीन जमवायचंय." आईला मी दोष देत नाही. पण त्या दिवसापासून लपवण्याची सवय लागली, आणि त्याच सवयीने अर्जातला रकाना भरला गेला.

आता वर्गाविषयी. हृदयाचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेथे कळले. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती दुखल्याचे सांगतो. त्याला बसवावे, चालू देऊ नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. हृदय बंद पडले तर माणूस हाक मारून, खांदा हलवून जागा होत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही. मग मात्र क्षणाचाही उशीर चालत नाही, कारण रक्त न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते.

अशा वेळी छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपरे ताठ ठेवून दाबायचे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. शिकलेल्याने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. छाती न उघडता हृदय असे चालवता येते, हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. ज्या बाहुलीवर हा सराव करतात, तीही त्याच वर्षीची. नॉर्वेतील आस्मुंड लेरडाल या खेळणी बनवणाऱ्याने ती तयार केली.

शिकवणारे सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दाबताना रक्त बाहेर जाते, सोडताना हृदय पुन्हा भरते. सोडलेच नाही तर बाहेर ढकलायला रक्तच नसते. हे ऐकून मी चपापले, कारण माझ्या दुखण्याचेही मर्म तेच होते.

दुसरा नियम असा की दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. माझी पाळी आली. दोन मिनिटे झाली, सरांनी "बदला" म्हटले. पण मी थांबले नाही. थांबले तर मुले ओळखतील, असे वाटले. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला टेकून बसले.

सरांनी पाणी दिले आणि सगळे गेल्यावर विचारले. मी सांगून टाकले. सर रागावले, पण आजारासाठी नव्हे. म्हणाले, "दमलेल्या हाताचा दाब उथळ पडतो, आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. तू लपवलंस, त्याची किंमत खाली निजलेल्या माणसानं द्यायची का?" यावर मला उत्तर सुचले नाही. तोपर्यंत माझे लपवणे हा माझ्यापुरता प्रश्न आहे, असेच मी समजत होते.

मग डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी तपासून चिठ्ठी दिली : प्रथमोपचारास हरकत नाही, दोन मिनिटांहून अधिक दाबू नये, वजन उचलू नये, धाप लागताच थांबावे. ती चिठ्ठी घेऊन मी वर्ग पूर्ण केला.

आषाढीत आमचे केंद्र पालखीच्या वाटेवर होते. बहुतेक काम पायांचे फोड, उलटी-जुलाब आणि उन्हाने आलेली भोवळ यांचे. दुपारी एक वृद्ध माउली कोसळली. श्वास चालू होता, पण ती नीट बोलत नव्हती. मी तिला कुशीवर वळवले, सावली धरायला लावली, ओले फडके फिरवले आणि १०८ ला फोन करायला सांगितले. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. रुग्णवाहिका गर्दीमुळे लांब थांबली. स्ट्रेचर आले आणि कोणीतरी ओरडले, "ताई, धरा की तिकडून!" समोर आमच्याच गावच्या बाया उभ्या होत्या. मी म्हणाले, "मला उचलायचं नाही, माझ्या हृदयाला त्रास आहे. तुम्ही धरा, मी श्वासाकडं बघते." लगेच दुसरे हात पुढे आले. माउलीला वेळेवर नेले आणि संध्याकाळी ती बरी असल्याचा निरोप आला.

प्रथमोपचाराच्या पहिल्याच धड्यात सांगतात की आधी स्वतःची सुरक्षितता पाहा. पूर्वी मला हा नियम स्वार्थी वाटे. आता वाटते, आपल्याला काय झेपते आणि काय नाही हे मोकळेपणाने सांगणे, हाही मदतीचाच भाग आहे. कारण मदत एकट्याची नसतेच.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी लहान भावंडाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी औषध दिले तर ते पुरे करा. सांधे सुजले तर नुसते तेल चोळत बसू नका. आणि रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आईला लिहितावाचता येत नाही. हा अंक घरी नेल्यावर तिला मलाच वाचून दाखवावा लागेल. ती रागावेल बहुधा. पण वाचताना मी एकही ओळ गाळणार नाही.