दात, तार आणि बलाची दिशा

सतत दाब दिला असता दात जागचा सरकतो, ही गोष्ट पॅरिसच्या पिएर फोशार याने 1728 साली आपल्या ग्रंथात नमूद केली होती. परंतु तो सरकत असताना हाडाच्या आत काय घडते, याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी 1904-05 च्या सुमारास कुत्र्यांचे दात तारेने हलवून जबड्याचे सूक्ष्म छेद तपासले, तेव्हा दाबाच्या बाजूस अस्थी झिजते आणि ताणाच्या बाजूस नवी घडते, हे तर दिसलेच. शिवाय बल अतिरिक्त झाले असता, दाताला हाडाशी बांधणारा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर रक्ताविना काचेसारखा निर्जीव होतो आणि भोवतालचे हाड आतून पोखरले जाईपर्यंत दात अडून बसतो, हेही उघड झाले. दंतसंशोधक श्वार्ट्झ यांनी 1932 मध्ये या बलाची मर्यादा केशवाहिन्यांतील दाबाइतकी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम, ठरविली.

तरीही या साऱ्या कालखंडातील सर्वांत मोलाचे ज्ञान मला बलाच्या दिशेचे वाटते. दाताचे प्रतिरोधकेंद्र, म्हणजे ज्यातून ओढ गेली असता दात न कलता सरकतो तो बिंदू, हिरडीखाली मुळात असते आणि तार चिकटते ती वरच्या दृश्य भागाला. त्यामुळे जमिनीत रोवलेल्या खुंटाला वरून दोर बांधून ओढावे तसा दात नुसता कलतो, आणि सारा ताण हाडाच्या काठाशी व मुळाच्या टोकाशी एकवटतो. तोच दात उभाच्या उभा सरकला, तर ताण मुळाच्या सबंध अंगावर वाटला जातो. एडवर्ड अँगल यांनी 1928 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत 0.022 इंच रुंद व 0.028 इंच खोल अशा खाचेत चौकोनी तार बसवून मुळाला पीळ देण्याची तजवीज होती. पुढे चार्ल्स बर्स्टोन यांनी त्या पिळाचे गणित मांडले. 100 ग्रॅमच्या ओढीला सुमारे 1000 ग्रॅम-मिलिमीटर पिळाची जोड मिळाली, तरच दात न कलता सरकतो. अलीकडे हाडात बसविलेल्या बारीक स्क्रूंमुळे ओढीची रेषा प्रतिरोधकेंद्राच्या जवळून नेणे सुकर झाले आहे, आणि संगणकावरील प्रतिकृतीत ताण कोठे साचेल याची आगाऊ खातरजमाही करता येते.

दिशा चुकली वा बल अति झाले, तर नुसत्या जोराने काही साधत नाही. म्हणून पालकांना एवढेच विनवावेसे वाटते, की तार अधिक घट्ट करण्याचा आग्रह दंतवैद्याकडे धरू नये, आणि दोन भेटींमध्ये त्यांनी ठेवलेले अंतर पाळावे. नवे हाड घडण्यास तेवढी सवड लागतेच.