आलेखाच्या अक्षांवरील खुणा आणि लेबले : मॅटप्लॉटलिबच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
संशोधनात संख्यात्मक माहिती मांडण्यासाठी आलेखाचा वापर सर्व विद्याशाखांमध्ये केला जातो. आलेखातील रेषा वाचकाचे लक्ष वेधून घेते. परंतु त्या रेषेचा अर्थ अक्षावरील खुणा व त्यांच्या शेजारी लिहिलेली लेबले यांवरून ठरतो. लेबल चुकले तर अचूक आकडेवारीही चुकीची ठरते. पायथॉन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब हे आलेखनाचे मुक्त ग्रंथालय जॉन हंटर यांनी विकसित केले व ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आज विज्ञान, वाणिज्य व सामाजिक शास्त्रे या सर्वच क्षेत्रांत ते वापरले जाते. या ग्रंथालयात अक्षावरील लेबले कशी ठरतात आणि ती आपल्या गरजेनुसार कशी बदलावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थान व मजकूर : दोन स्वतंत्र घटक
मॅटप्लॉटलिबमध्ये खुणेचे काम दोन घटकांत विभागलेले आहे. खूण अक्षावर कोठे पडावी हे 'लोकेटर' ठरवतो, तर त्या खुणेशेजारी काय लिहावे हे 'फॉरमॅटर' ठरवतो. वापरकर्त्याने काहीही सूचना दिली नाही, तर लोकेटर माहितीचा विस्तार पाहून सोयीच्या अंतरावर खुणा करतो व फॉरमॅटर त्या स्थानाची संख्या लिहितो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

उदाहरण : महाराष्ट्राची लोकसंख्या
जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या पुढीलप्रमाणे होती :
१९६१ – ३,९५,५३,७१८
१९७१ – ५,०४,१२,२३५
१९८१ – ६,२७,८४,१७१
१९९१ – ७,८९,३७,१८७
२००१ – ९,६८,७८,६२७
२०११ – ११,२३,७४,३३३

ही माहिती सामान्य आकाराच्या आलेखात काढल्यास क्ष-अक्षावर १९६०, १९७०, १९८० अशा खुणा आपोआप येतात. जनगणनेची वर्षे मात्र १९६१, १९७१ अशी आहेत. म्हणून अभ्यासक 'सेट-एक्स-टिक-लेबल्स' ही आज्ञा वापरून सहा वर्षांची यादी देतो. येथेच घात होतो. या आज्ञेने केवळ मजकूर बदलतो, स्थान बदलत नाही. शिवाय लोकेटरने तयार केलेल्या यादीत आलेखाच्या चौकटीबाहेरील १९५० ही खूणही असते. यादीतील पहिले लेबल, म्हणजे '१९६१', त्या न दिसणाऱ्या खुणेला मिळते. '१९७१' हे १९६० च्या खुणेखाली बसते व '२०११' हे २००० च्या खुणेखाली जाते. शेवटची दिसणारी खूण रिकामी राहते.

परिणामी प्रत्येक जनगणनेचा आकडा एक दशक पुढे सरकतो. २००१ ची ९.६९ कोटी लोकसंख्या वाचकाला २०११ ची वाटते व सुमारे दीड कोटी माणसे आलेखातून नाहीशी होतात. रेषेचा आकार मात्र पूर्ववत राहतो; त्यामुळे चूक सहज ध्यानात येत नाही. मॅटप्लॉटलिबच्या अलीकडील आवृत्त्या अशा वेळी इशारा देतात, पण आलेख तरीही काढला जातो.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम 'सेट-एक्स-टिक्स' या आज्ञेने सहा वर्षांची स्थाने निश्चित करावीत. २०२१ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून याच आज्ञेत स्थाने व लेबले एकत्र देता येतात. स्थानांची व लेबलांची संख्या जुळली नाही तर संगणक त्रुटी दाखवून थांबतो, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

मोठ्या संख्यांचे लेखन :
य-अक्षाचा प्रश्न निराळा आहे. तेथे ०.४ ते १.१ असे आकडे येतात आणि अक्षाच्या वरच्या टोकाला दहाचा आठवा घात दर्शवणारे लहान चिन्ह येते. ते नजरेतून सुटल्यास आकड्यांचा अर्थच कळत नाही. अशा वेळी 'फंक-फॉरमॅटर' उपयुक्त ठरतो. वापरकर्त्याने लिहिलेल्या फलनाला हा फॉरमॅटर खुणेची संख्या देतो व फलनाकडून आलेला मजकूर अक्षावर लिहितो. संख्येला एक कोटीने भागून पुढे 'कोटी' हा शब्द जोडला की '४ कोटी', '५ कोटी' अशी सुबोध लेबले मिळतात. पायथॉनमधील स्वल्पविरामाची नेहमीची सोय तीन-तीन अंकांचे गट पाडते. लाख-कोटींची भारतीय पद्धत हवी असल्यास तीही या फलनातच लिहावी लागते. येथे मजकूर स्थानाच्या संख्येवरूनच तयार होत असल्याने खुणा सरकल्या तरी लेबल चुकत नाही.

देवनागरी लेबले :
मॅटप्लॉटलिबच्या डेजावू सान्स या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठी लेबलांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरीसारखा टंक निवडल्यास ही अडचण दूर होते. तथापि अनेक आवृत्त्यांत जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य रीतीने जुळत नाहीत. 'कोटी' हा शब्द नीट उमटतो, पण 'दशलक्ष' मधील 'क्ष' फुटू शकतो. म्हणून छपाईपूर्वी प्रत्येक लेबल डोळ्यांनी तपासणे आवश्यक आहे. लेबले एकमेकांवर येत असल्यास ती तिरपी करावीत किंवा खुणांची संख्या कमी करावी.

निष्कर्ष :
१. खुणेचे स्थान व तिचा मजकूर हे स्वतंत्र घटक आहेत. स्थान निश्चित केल्याशिवाय हाताने लेबले देऊ नयेत.
२. संख्यात्मक अक्षासाठी तयार यादीपेक्षा फलनावर आधारित फॉरमॅटर अधिक सुरक्षित ठरतो.
३. आलेख पूर्ण झाल्यावर किमान एक बिंदू मूळ तक्त्याशी ताडून पाहावा. वरील उदाहरणात २०११ चा एकच बिंदू तपासला असता, तरी संपूर्ण चूक उघडकीस आली असती.